तुरीच्या पानावर गोल काप दिसला? फवारा उचलायच्या आधी हे वाचा

खान्देशात तुरीच्या ओळीत, अंगणातल्या गुलाबावर किंवा फाटकावरच्या बोगनवेलीवर कधीतरी एक खूण दिसते. पानाच्या कडेला अर्धगोल तुकडा कापून नेलेला असतो. काप इतका स्वच्छ की कुणी कात्री चालवली असं वाटावं. गावात कुणाला दाखवलं तर उत्तर ठरलेलं असतं: "अळी लागनी भो, फवारी टाक." पण ती अळी नसते. ती पाने कापणारी एकटी मधमाशी असते आणि तिने ते पान खाल्लेलं नसतं. पोरांच्या खोलीच्या भिंती बांधायला ती तो तुकडा घेऊन गेलेली असते. मी तिला पानकापी माशी म्हणतो. शास्त्रात तिच्या प्रजातीसमूहाचं नाव मेगाकाइल.

या माशीसाठी घर करायला पैसा जवळजवळ लागत नाही. जागा, दिशा आणि वेळ मात्र नीट साधावी लागते. मधमाश्यांच्या घरांविषयी जे काही छापून येतं, त्यातलं बरंचसं थंड देशांतलं असतं. दिवसभर ऊन येईल अशा दक्षिणेकडच्या भिंतीवर घर लावा, असं त्यात सांगतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे हा सल्ला पाळला तर नळीतली पिल्लं भाजून मरतील. म्हणून इथे सांगितलेली पद्धत आपल्या उन्हाला धरून आहे.

आधी ओळख पटवा

अळी पान खाते तेव्हा भोकं वेडीवाकडी पडतात, पानावर काळी विष्ठा दिसते आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नुकसान सरकत जातं. नाकतोडा खातो तेव्हा कडा फाटलेल्या, दातेरी असतात. पानकापीचा काप कडेपासूनच सुरू होतो, गोल किंवा लांबट असतो, कडा गुळगुळीत असते आणि विष्ठा कुठेच नसते. एका झुडपाची पाचदहा पानं ती कापते. त्याने झाडाचं काही बिघडत नाही. गुलाबाची पानं दाखवण्याजोगी राहत नाहीत, एवढंच.

खात्री करायची तर सकाळी साडेनऊ-दहाला, ऊन तापू लागलं की त्या झाडापाशी शांत उभे राहा. माशी पानाच्या कडेवर बसते. कड दोन्ही बाजूंच्या पायांमध्ये धरते आणि जबड्याने कापत स्वतःभोवती वळत जाते. काही सेकंदांचंच काम. शेवटचा धागा तुटायच्या आधीच तिचे पंख सुरू झालेले असतात, त्यामुळे तुकडा सुटला तरी ती खाली पडत नाही. तुकडा पोटाखाली दुमडून धरते आणि सरळ घराकडे जाते. तिच्या मागे नजर लावली तर घर सापडतं. ती लांब जात नाही.

माशी साधारण आपल्या घरगुती मधमाशीएवढी, काही जाती तिच्याहून लहान तर काही मोठ्या. अंग गडद, पोटावर फिकट पट्टे, डोकं आणि जबडा चांगला रुंद. सर्वांत पक्की खूण पोटाखाली असते. घरगुती मधमाशी पराग मागच्या पायांवरच्या टोपलीत भरते, पण पानकापीच्या पायांवर टोपली नसते. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला दाट केस असतात, पराग तिथे चिकटतो. फुलावर शेपटाकडचा भाग वर उचलून बसलेली आणि पोटाखालून पिवळीधमक दिसणारी माशी म्हणजे हीच.

डंखाची भीती नको. सातपुड्याच्या कड्यांवरचं आग्यामोहोळ बघितलेल्या माणसाला कुठल्याही माशीची धास्ती वाटते, ते समजतं. पण आग्यामोहोळात हजारो माश्या एका पोळ्याची राखण करतात, इथे राखायला पोळंच नाही. राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. मादी डंख मारू शकते, पण मुठीत दाबली तरच. नराला तर डंखच नसतो.

नळीच्या आत काय चालतं

हे समजलं की घर करताना मापं का पाळायची ते आपोआप कळतं.

मादी एकटीच सगळं करते. पोकळ काडी, बांबूचं उघडं टोक, लाकडातलं किडीने सोडलेलं भोक, जुन्या चौकटीतलं खिळ्याचं भोक, पडून असलेल्या ठिबकच्या नळीचं तोंड, अशी आयती पोकळी ती शोधते. काही जाती जमिनीतही घर करतात. लाकूड ती स्वतः कोरत नाही. ते काम काळ्या मोठ्या भुंग्याचं, आणि त्याच्या वाट्याचा दोष हिच्यावर येतो.

जागा पसंत पडली की पानं आणणं सुरू होतं. आधी लांबट तुकडे येतात. ते एकमेकांवर थोडे चढवून, कडा चावून मऊ करून ती एक पेला तयार करते, बाहेरून विडीच्या तुकड्यासारखा. मग पराग आणि फुलांतला रस यांचा घट्ट गोळा त्यात भरते. त्यासाठी कितीतरी खेपा होतात. गोळा पुरेसा झाला की त्यावर एकच अंडं घालते आणि मग गोल तुकडे आणून झाकण लावते, एकावर एक, दोन-तीन किंवा जास्तही. पेल्याच्या भिंतीचे तुकडे लांबट आणि झाकणाचे गोल, म्हणूनच एकाच झाडाच्या पानांवर दोन आकारांचे काप दिसतात. एका कोठीला साधारण पंधराएक तुकडे लागतात.

त्या झाकणाला टेकून पुढची कोठी, मग तिच्यापुढची. नळी तोंडापर्यंत भरत आली की शेवटी पानांचं जाड बूच बसतं. बूच ताजं असताना हिरवं, आठवड्याभरात तपकिरी.

आता यातली खरी करामत. मादीला मिळालेलं वीर्य ती शरीरात साठवून ठेवते आणि अंडं फळवायचं की नाही हे घालतानाच ठरवते. फळलेल्या अंड्यातून मादी, न फळलेल्या अंड्यातून नर. नळीच्या आतल्या टोकाला ती माद्यांची अंडी घालते आणि त्यांना परागाचा गोळा मोठा देते. तोंडाजवळ नर. नर आधी तयार होतात, आधी बाहेर पडतात आणि फुलांभोवती घिरट्या घालत माद्यांची वाट बघतात. नळी आखूड असली तर तिच्यात नरांचीच भरती जास्त होते. नळीची खोली १५ सेंटिमीटरच्या आसपास हवी, ती यासाठी.

अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं. अळी गोळा खाऊन दोनेक आठवड्यांत पुरी वाढते आणि रेशमी कोष विणते. पुढचं हवामानावर. दिवस चांगले असले तर काही आठवड्यांत माशी बाहेर येते आणि तिची पुढची पिढी त्याच हंगामात सुरू होते. नसले तर कोषातली अळी तशीच महिनोन्‌महिने थांबते. बाहेर आलेली मादी महिना-दोन महिने जगते आणि तेवढ्यात फार तर तीस-चाळीस अंडी घालते. पोळ्यातल्या राणीच्या मानाने हा आकडा अगदीच छोटा आहे. एका चुकीच्या फवारणीने या माश्यांचं एवढं नुकसान का होतं, ते इथे कळतं.

खान्देशात तिचं काम काय

रावेर-यावल-चोपड्याच्या केळीला परागीभवन लागत नाही. आपली केळी बिया न धरताच फळते. म्हणून केळीच्या पट्ट्यात माश्यांचा विचार कुणी करत नाही आणि सलग केळीत त्यांना मिळतंही थोडंच. पण कपाशीत ओळीने तूर आहे, बांधावर चवळी आहे, गुरांसाठी लसूणघासाचा वाफा आहे, कुठे तीळ, सूर्यफूल, ताग. या सगळ्यांवर पानकापी येते.

तुरीचं फूल पतंगाच्या आकाराचं. खालच्या दोन पाकळ्या मिटून त्यात केसर दडलेलं असतं. त्या दाबून उघडायला वजन आणि ताकद लागते, आणि ती पानकापीकडे आहे. तुरीत फुलाचं आपल्याच परागाने फळणं चालू असतंच. माशी आली म्हणून उतारा दुप्पट होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र परपरागीभवनही बऱ्यापैकी होतं आणि ते माश्यांकडूनच होतं. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने तुरीचे संकरित वाण काढले. त्यांचं बियाणं तयार करताना पुरुषवंध्य, म्हणजे स्वतःचा कामाचा पराग नसलेल्या झाडांवर पराग पोचवतात त्या माश्याच, आणि त्यांत पानकापी मोठ्या वाट्याची. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. घरचं बी राखायचं असेल तर शेजारच्या वेगळ्या वाणापासून अंतर हवं. प्रमाणित बियाण्यासाठी १०० मीटर धरतात. माशी वाण बघून फुलावर बसत नाही.

लसूणघासाची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. त्याचं फूल दाबलं की आतला दांडा झटक्याने उडतो आणि माशीच्या डोक्याखाली बसतो. घरगुती मधमाशीला हा फटका नको असतो. ती लवकरच शिकते आणि बाजूने रस चोरते, परागीभवन फारसं होत नाही. पानकापी फटका खाऊन पुढच्या फुलावर जाते. अमेरिकेत आणि कॅनडात लसूणघासाच्या बियाण्याचा बराचसा धंदा मेगाकाइल रोटंडाटा या जातीवर उभा आहे. ती मूळची युरोप-आशियाकडची, १९४०च्या दशकात चुकून तिकडे पोचली. तिथले लोक तिला घरं पुरवून, कोष थंड खोलीत राखून पाळतात.

घर कशाचं करावं

सर्वांत उत्तम बांबू. केळीच्या घडाला दिलेले टेकू, टोमॅटोच्या मांडवाचे तुटके बांबू, बुरडाकडे उरलेली शेंड्याकडची बारीक टोकं, यांतलं काहीही चालेल. आतलं भोक ५ ते १० मिलिमीटरचं हवं. सगळी एकाच मापाची घेऊ नका. आपल्याकडे या माश्यांच्या लहानमोठ्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीला आपल्या अंगाएवढी वाट लागते. माझ्या मते निम्म्याहून जास्त नळ्या ६ ते ८ मिलिमीटरच्या ठेवाव्यात.

ओला बांबू असेल तर आठ-पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत खडखडीत वाळवा. त्याने भुंगेरा लागत नाही. मग पेराच्या अलीकडे-पलीकडे असं कापा की एक टोक पेराने बंद राहील, दुसरं उघडं. पेराची गाठ ही नळीची मागची भिंत. दोन्ही बाजूंनी उघडी नळी माशी सहसा घेत नाही. कापायला बारीक दात्यांची करवत घ्या, कारण कोयत्याने बांबू चिरतो आणि चिरेतून परजीवी कीटक शिरतात. तोंडाची कुसळं पॉलिश पेपरने घासून काढा. कुसळाला पंख अडकून फाटतात. आतला भुसा तारेने काढा, फुंकून बघा.

बांबू नसेल तर बोरू, एरंडाच्या वाळलेल्या पोकळ फांद्या. लाकडाचा ठोकळाही चालतो. बिनरंगाचा, वाळवीचं औषध न लावलेला ठोकळा घेऊन ड्रिलने भोकं पाडा, पलीकडे आरपार जाऊ देऊ नका. प्लास्टिकच्या नळ्या आणि शीतपेयाचे स्ट्रॉ वापरू नका. आत ओल धरते, परागाला बुरशी येते. शहाद्याकडे पपईचे देठ सहज मिळतात आणि पोकळही असतात, पण ते वाळताना आवळतात आणि पावसात कुजतात. ते सोडा.

नळ्या ठेवायला पत्र्याचा डबा कधीही घेऊ नका. पत्रा तापतो. आडवं ठेवलेलं मातीचं मडकं सगळ्यांत चांगलं, किंवा फळांची लाकडी पेटी. नळ्या घट्ट बसवा, वाऱ्याने एकही हलता कामा नये. तोंडं थोडी मागेपुढे राहू द्या, सगळी एका रेषेत असली की माशीला आपली नळी ओळखायला वेळ लागतो. वर ज्वारीच्या कडब्याचं किंवा वाळलेल्या केळीच्या पानांचं छप्पर, चार बोटं पुढे आलेलं.

कुठे आणि कधी

तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला. सकाळचं कोवळं ऊन दोन-अडीच तास तोंडावर यावं, दहा-साडेदहानंतर सावली. पश्चिमेला पाठ करा, कारण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही त्या बाजूने. कडुनिंबाच्या बुंध्याची पूर्व बाजू किंवा गोठ्याची पूर्वेची भिंत या कामाला फार चांगली. उंची कमरेपासून छातीपर्यंत. घर दोरीने लोंबकळत ठेवू नका, खिळ्याने किंवा तारेने पक्कं बांधा.

शंभर-दीडशे मीटरच्या आत फुलं आणि कापायला पानं दोन्ही हवीत. पानासाठी तूर, गुलाब, बोगनवेल, कांचन. पातळ, गुळगुळीत पान तिला आवडतं. फुलांसाठी तुळस, गोकर्ण, ताग, तीळ, चवळी, मूग, उडीद. बांधावर तागाची एक ओळ टाकली तरी फरक दिसतो, आणि एवढ्या कष्टाला तो पुरेसा मोबदला आहे.

वेळ म्हणाल तर कानबाईच्या सणाच्या आसपास, श्रावणात घर लावून मोकळे व्हा. उडीद-मूग-तिळाची फुलं असतात तेव्हा तिला जागा दिसायला हवी. दसरा-दिवाळीकडे तूर फुलते तोवर तिची तिथे वहिवाट पडलेली असते. तूर फुलल्यावर घर टांगायला गेलात तर तो हंगाम बहुतेक रिकामा जातो.

बूच बसलेल्या नळीवर पेन्सिलने तारीख लिहा. हे जरूर करा. कोणती नळी कधी भरली आणि कधी फुटली हे दोन वर्षं लिहिलंत की तुमच्या शिवारातलं वेळापत्रक हाती येतं. ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

शत्रू

मुंग्या पहिल्या. घर खांबावर असेल तर खांबाला ग्रीसचा पट्टा द्या, आणि गवताची काडी टेकून पूल होत नाही ना ते पाहत राहा. पाल, खार आणि पक्ष्यांसाठी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी तोंडापासून वीतभर पुढे लावा. नळ्यांना चिकटवून नको.

मग आयतोबा माशी. तिचं शास्त्रीय नाव सेलिऑक्सिस. ती पानकापीच्याच कुळातली, पण घर करत नाही. पोट मागे टोकदार निमुळतं, पोटाखाली परागाचे केस नाहीत. पानकापी बाहेर गेली की ती अर्धवट भरलेल्या कोठीत शिरून आपलं अंडं घालते. तिच्या अळीला कोयत्यासारखे जबडे असतात, ती यजमानाचं अंडं किंवा अळी मारते आणि परागाचा गोळा खाते. संध्याकाळी ती गवताच्या काडीला जबड्याने धरून, अंग अधांतरी ठेवून झोपलेली दिसते. तिला मारू नका. तिचा वावर आहे याचा अर्थ पानकापी पुरेशा आहेत. पण एकाच ठिकाणी शेकडो नळ्यांची मोठी पेटी केली तर असे परजीवी तिथे गोळा होतात. वीस-तीस नळ्यांची दोन-तीन घरं शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवणं जास्त शहाणपणाचं.

फवारणी

हा भाग मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे. पानकापीला विष दोन वाटांनी मिळतं. एक परागातून आणि रसातून. दुसरी वाट तिची एकटीची: ती पानच कापून घरात नेते. झाडाच्या अंगात भिनणारं औषध मारलेलं असेल तर तेच पान अळीच्या खोलीची भिंत होतं.

तूर फुलात असताना घाटेअळी येते आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही, हे मला मान्य आहे. मग क्रम असा ठेवा: कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), पक्ष्यांना बसायला टी आकाराचे थांबे, निंबोळी अर्क, घाटेअळीचा विषाणू अर्थात एचएनपीव्ही. त्याउप्परही रासायनिक औषध लागलं तर सूर्य मावळताना मारा. माश्या त्या वेळी परतलेल्या असतात आणि रात्रभरात फवारा सुकतो. सकाळी नऊला पंप पाठीवर घेणं म्हणजे नेमकं त्यांच्या कामाच्या वेळी फवारणं. घर शेतातच असेल तर त्या संध्याकाळी तोंडावर ओलं गोणपाट टाका आणि उजाडताच काढा. गुलाबाच्या ज्या झाडावर गोल काप दिसतात, त्याला मुळाशी घालायचं दाणेदार कीटकनाशक देऊ नका.

आणखी एक गोष्ट. कपाशी निघाल्यावर पऱ्हाटी, बांधावरच्या एरंडाच्या काड्या, कुंपणाचे जुने बांबू सरसकट पेटवले जातात. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात ठेवू नये, ते काढाच. पण पोकळ काड्या आणि बांबू पेटवण्याआधी टोकं बघा. पानांचं बूच दिसलं तर तेवढे तुकडे कापून बाजूला ठेवा.

आखाजी ते मृग

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी एकदा सगळं घर तपासा. बूच बसलेल्या नळ्या काढून मातीच्या मडक्यात आडव्या ठेवा, तोंडाला पातळ मलमल बांधा आणि मडकं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जिथे पाण्याचा माठ असतो तिथे ठेवा. पाणी शिंपडू नका, ओल आणि उकाडा एकत्र झाले की बुरशी ठरलेली. रोज एक नजर टाका. मडक्यात गुणगुण ऐकू आली किंवा कापडाखाली माशी दिसली तर सकाळी बाहेर नेऊन सोडा. मृगाचा पाऊस पडला की नळ्या पुन्हा जागच्या जागी.

रिकाम्या झालेल्या नळ्या दोन हंगामांपेक्षा जास्त वापरू नका. जुन्या पानांत आणि विष्ठेत कोळी-किडे साठतात. त्या काढून नव्या घाला.

एखादी नळी पावसाळा उलटून गेला तरी फुटत नाही. लगेच फेकू नका, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत थांबा. मग चाकूने बांबू लांबीत उभा चिरा. कोठीत पांढरी, खडूसारखी कडक झालेली अळी असेल तर बुरशी लागली होती, ती नळी जाळा आणि शेजारच्याही नीट बघा. कोषाला टाचणीएवढी भोकं आणि आत काहीच नसेल तर परजीवी गांधीलमाश्या निघून गेल्या. आणि साईच्या रंगाची, मऊ, तुकतुकीत अळी दिसली तर ती जिवंत आहे. दोन्ही फाळकी पुन्हा जुळवा, सुतळीने करकचून बांधा आणि नळी मडक्यात परत ठेवा.